पहिलं कणीस कोणाचं?

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. नदीच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे नगर. इथल्या जुन्या इंग्रजी दफनभूमीत कर्नल वॉलेस नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याची कबर आहे. वसईच्या तहानंतर इंग्रजांची तैनाती फौज पेशव्यांच्या मुलखात आली आणि तिची छावणी शिरूरला पडली. वॉलेस या फौजेतला. १८०३ साली असईच्या लढाईत तो आर्थर वेलस्लीच्या हाताखाली लढला होता. १८०९ साली तो वारला आणि इथल्याच मातीत त्याला पुरलं.

पुढे गावानं त्याला ‘सत्पुरुष’ केलं. १८८५ साली छापलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये ही हकिकत नोंदवलेली आहे. शिरूर आणि आसपासच्या खेड्यांतली माणसं या कबरीला नवस बोलत. सुगी आली की शेतकरी नव्या धान्यातला पहिला वाटा घेऊन येत आणि नैवेद्य म्हणून तिथे ठेवत. गावात मारुती होता, म्हसोबा होता, पलीकडे जेजुरीचा खंडोबा होता. तरी नव्या पिकाचा एक वाटा परक्या मुलखातून आलेल्या, परक्या धर्माच्या, परक्या फौजेतल्या माणसासाठी राखलेला होता.

ही नोंद वाचल्यापासून माझ्या मनात एक प्रश्न घर करून आहे. पहिलं कणीस कोणाचं असतं? पेरलं आपण, खुरपलं आपण, राखण केली आपण. मग त्यातलं पहिलं दुसऱ्याला का द्यायचं? या प्रश्नाचं सगळ्यात सविस्तर उत्तर इब्री धर्मग्रंथात सापडतं. त्याचा माग काढत गेलं, की वाट यरुशलेमहून कोकणात उतरते, पुण्यातल्या एका छापखान्यातून जाते आणि थेट दौंड तालुक्यातल्या केडगावला येऊन पोचते.

आमच्या भागातल्या माणसाला ही गोष्ट मुळापासून समजवावी लागत नाही. नवी बाजरी निघाली की पहिली भाकरी देवापुढे, मग गाईला, मग घरात. गुऱ्हाळ सुरू झालं की पहिल्या काहिलीचा गूळ आधी देवाला. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मगच वांग्याला हात लावतात. संक्रांतीच्या सुगडात ओंब्या, हरभरा, ऊस, बोरं भरून आपण ती दुसऱ्याच्या हाती देतो. वैदिक परंपरेत नव्या धान्याच्या यज्ञाला ‘आग्रयण’ म्हणत. त्यातलं ‘अग्र’ म्हणजे टोक, शेंडा, सुरुवात.

इब्रीतही असाच शब्द आहे. ‘रोश’ म्हणजे डोकं, त्यावरून ‘रेशीत’ म्हणजे आरंभ, पहिला आणि उत्तम भाग. त्यांच्या धर्मग्रंथाचा पहिला शब्दच ‘बेरेशीत’ आहे, म्हणजे ‘आरंभी’. प्रथमफळांसाठी तिथे दुसराही शब्द येतो, ‘बिक्कुरीम’. तो ‘बखोर’शी, म्हणजे थोरल्या मुलाशी, एकाच धातूनं जोडलेला आहे. झाडाचं पहिलं फळ आणि घरातलं पहिलं लेकरू यांना ती भाषा एकाच मुळातून हाक मारते. बाजरीच्या रानात पहिलं कणीस निसवलेलं बघून ज्या शेतकऱ्याचा चेहरा उजळतो, त्याला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आता विधीकडे वळू. लेवीय या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायात नेम सांगितला आहे. वल्हांडणाच्या, म्हणजे गुलामगिरीतून सुटकेच्या सणाच्या, दिवसांत जवाची कापणी सुरू होते. पहिली पेंढी याजकाकडे न्यायची, त्यानं ती देवासमोर ओवाळायची. तोपर्यंत नव्या पिकाची भाकरी नाही, भाजलेलं धान्य नाही, ताजी कणसंही नाहीत. आपल्याकडच्या बोलीत सांगायचं तर, देवाला दाखवल्याशिवाय हुरडासुद्धा नाही. त्या दिवसापासून एकोणपन्नास दिवस मोजायचे. पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या, खमीर घातलेल्या दोन भाकरी आणायच्या. तो ‘शावुओत’, सप्तकांचा सण. ग्रीक बोलणाऱ्यांनी पन्नास दिवसांवरून त्याला पेंटेकॉस्ट म्हटलं आणि तेच नाव पुढे ख्रिस्ती लोकांत राहिलं.

ही पेंढी आणि या भाकरी सगळ्या समाजाच्या वतीनं होत्या. एकेकट्या शेतकऱ्याची टोपली वेगळी. इसवी सनाच्या सुमारे २०० साली संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहात ‘बिक्कुरीम’ नावाचं अख्खं प्रकरण आहे आणि त्यातला तपशील डोळ्यांसमोर उभा राहतो. शेतकरी रानात उतरतो. अंजिराच्या झाडावर एक फळ पिकायला लागलेलं दिसतं. तो लव्हाळ्याची काडी घेऊन त्या फळाला बांधतो आणि म्हणतो, हे प्रथमफळ. फळ अजून तोडलेलं नाही, झाडावरच आहे, पण त्या घडीपासून ते त्याचं राहिलं नाही. द्राक्षाचा घड, डाळिंब, असंच खुणेनं बांधत जायचं. किती द्यायचं याला माप नाही. दशमांशाला दहावा हिस्सा ठरलेला होता, प्रथमफळाला असा ठरलेला आकडा धर्मग्रंथात नाही.

मग गावोगावचे शेतकरी एकत्र जमून यरुशलेमला निघत. पुढे बैल, त्याच्या शिंगांना सोन्याचा मुलामा, डोक्यावर जैतुनाच्या पानांचा मुकुट. त्याच्यापुढे पावा वाजवणारा. शहराजवळ आले की कारागीर हातातलं काम सोडून उभे राहत आणि गावाचं नाव घेऊन त्यांचं स्वागत करत. मंदिराच्या टेकडीशी पोचल्यावर टोपली खांद्यावर घ्यायची. राजा असला तरी त्यानं स्वतःच्याच खांद्यावर घ्यायची. आषाढी वारीची पालखी यवत-वरवंडच्या वाटेनं जाताना ज्यानं पाहिली आहे, त्याला ही चाल ओळखीची वाटेल.

पण विधीचा गाभा टोपलीत नव्हता, तिच्याबरोबर बोलायच्या शब्दांत होता. त्याच धर्मग्रंथातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात ते शब्द नेमून दिले आहेत. शेतकरी काय म्हणतो? तो आपल्या कष्टांचं नाव घेत नाही. पावसाचंही घेत नाही. आमच्या अवर्षणाच्या पट्ट्यात, जिथे सगळं जगणं मृगाकडे आणि हस्ताकडे डोळे लावून चालतं, तिथल्या माणसाला हे नवल वाटेल. तो सांगतो एक इतिहास. माझा पूर्वज वणवण फिरणारा होता, थोड्याच माणसांनिशी तो मिसरात उतरला, तिथे आम्हाला गुलाम केलं, आम्ही रडलो, देवानं ऐकलं, बाहेर काढलं, ही जमीन दिली. म्हणून या जमिनीचं पहिलं फळ मी आणलं आहे. पूर्वजाबद्दल जो इब्री शब्द तिथे येतो, ‘ओवेद’, त्याचा अर्थ भटका असाही होतो आणि नाश होत चाललेला, मरायला टेकलेला असाही होतो.

म्हणजे ज्या दिवशी घर भरलेलं आहे, त्या दिवशी आठवायचं ते रिकामेपण. सातबाऱ्यावर नाव लागलेल्या माणसानं देवासमोर उभं राहून म्हणायचं की मी बिनजमिनीच्या माणसाचा वंशज आहे. हे म्हणून झालं की लगेच आज्ञा येते: आता आनंद कर आणि तुझ्या आनंदात लेवी आणि तुझ्यामध्ये राहणारा परका, दोघांनाही घे. लेवींना, म्हणजे देवसेवेसाठी राखलेल्या कुळाला, जमिनीचा हिस्सा नव्हता आणि परक्याला तर नव्हताच. बिनजमिनीच्या पूर्वजाची आठवण काढल्यावर शेजारचा बिनजमिनीचा माणूस पंगतीबाहेर ठेवताच येत नाही. माझ्या मते प्रथमफळाचा सगळा अर्थ या जोडणीत आहे.

मिश्नातले आणखी तीन तपशील याला धरून आहेत. पूर्वी ज्यांना हे शब्द पाठ असत ते स्वतः म्हणत आणि ज्यांना येत नसत त्यांना याजक सांगून म्हणवून घेई. पण न येणाऱ्यांना लाज वाटू लागली आणि त्यांनी टोपल्या आणणंच सोडलं. तेव्हा ठरलं की येत असो वा नसो, सगळ्यांनाच सांगायचं. दुसरा तपशील सलतो. श्रीमंत लोक सोन्या-चांदीनं मढवलेल्या टोपल्या आणत आणि त्या त्यांना परत मिळत. गरिबांच्या सोललेल्या फोकांच्या टोपल्या मात्र फळांसकट याजकांकडेच राहत. तिसरा तपशील परक्याचा. बाहेरून या धर्मात आलेल्यानं टोपली आणावी, पण शब्द म्हणू नयेत, कारण देवानं आमच्या पूर्वजांना ही जमीन देऊ केली असं तो कसं म्हणणार? पुढच्या पिढ्यांतल्या पंडितांनी हे मान्य केलं नाही. अब्राहाम अनेक राष्ट्रांचा पिता आहे, म्हणून त्यानंही म्हणावं, असं मत यरुशलेमी तालमूदात नोंदलं गेलं आणि बाराव्या शतकात मायमोनिडीस या यहुदी पंडितानं तोच निर्णय दिला. परक्याला जेवणात वाटा होताच, आता त्याला पूर्वजही मिळाला.

इसवी सन ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचं मंदिर पाडलं. टोपली न्यायला जागा उरली नाही. तेव्हा शब्द घरी आले. वल्हांडणाच्या रात्री घरात जे पुस्तक वाचतात, त्या हग्गादाच्या मध्यभागी शेतकऱ्याचं हेच निवेदन आहे, ओळीओळीनं उलगडून सांगितलेलं. ज्यांच्याजवळ शेत नाही, फळ नाही, याजक नाही, अशी माणसं जगभर आजही ते दरवर्षी वाचतात.

कोकणात नेमकं उलटं झालं. अलिबाग-पेणच्या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे ‘शनिवार तेली’, म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. पुस्तकांशी त्यांचा संबंध कित्येक शतकं तुटलेला होता. शेमा हे प्रार्थनेचं वचन, सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे नेम एवढं टिकलं. सणांची इब्री नावं विस्मरणात गेली, सण मराठी नावांनी राहिले. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापलेल्या इतिहासात ते नोंदवले आहेत: नव्याचा सण, दारफळणीचा सण, खिरीचा सण. खिरीचा सण इब्री तिश्री महिन्यातला, म्हणजे कोकणात भात हाताशी येण्याच्या दिवसांतला. नव्या तांदळाची, नारळाच्या दुधातली गोड खीर करायची, ऊद जाळायचा, शेमा म्हणायचा आणि मग खायची. यरुशलेममध्ये जव होता, इथे भात. पावा आणि बैल नव्हते, ऊद होता. नवं धान्य आधी देवाचं नाव घेऊन, मग तोंडात, ही रीत राहिली. शेजारच्या आगरी-कुणब्यांच्या घरांतही नवं साजरं होतच होतं, त्यामुळे ती सोडायला कुणी सांगितलं नसणार.

एकोणिसाव्या शतकात शब्दही परत आले. १८३२ साली मुंबईत जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं मराठीतून इब्रीचं व्याकरण छापलं. पुढे बेने इस्राएल लोकांनी स्वतःच भाषांतरं हाती घेतली. १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात इब्री-मराठी हग्गादा निघाले. पुण्याच्या हग्गादातलं एक चित्र मला फार जवळचं वाटतं. बायका जमिनीवर बसून वल्हांडणाच्या बेखमीर भाकरी करताहेत, अगदी आपल्या बायका चुलीपुढे बसतात तशा. त्याच पुस्तकात शेतकऱ्याचं ते निवेदन मराठीत आहे. पहिली टोपली घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचे शब्द पुणे शहरात, बाळबोध अक्षरांत, १८७४ साली छापले गेले.

ख्रिस्ती परंपरेत प्रथमफळानं वेगळं वळण घेतलं. प्रेषित पौलानं पुनरुत्थित ख्रिस्तालाच मेलेल्यांतलं प्रथमफळ म्हटलं आणि एखाद्या प्रांतात पहिल्यांदा विश्वास ठेवणाऱ्यालाही तोच शब्द लावला. शेतातला शब्द माणसांना लागला. शेत पुन्हा चर्चमध्ये आलं ते बऱ्याच उशिरा. १८४३ साली इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यात मॉर्वेनस्टोच्या रॉबर्ट हॉकर या पाळकानं सुगीची खास उपासना सुरू केली आणि आज ओळखीचं असलेलं तिचं रूप तिथून पसरलं. आपल्याकडे नगर-शिरूर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३० आणि १८४० च्या दशकांत रुजलं. इथली मंडळी मुळात शेतावर राबणारी, त्यामुळे धान्याची पोती, भोपळे, अंडी, कोंबड्या वेदीपुढे आणून ठेवणं आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव करणं त्यांना परकं वाटलं नाही. ‘प्रथमफळ’ हा शब्द मराठी ख्रिस्ती बोलीत घट्ट बसला.

आता केडगाव. पुणे-दौंड लोहमार्गावरचं हे स्टेशन पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे जगाला माहीत झालं. १८९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्या राहण्यासाठी केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. विहिरी खोदल्या, शेती केली, छापखाना काढला. याच ठिकाणी आयुष्याच्या अखेरच्या पंधरा-सोळा वर्षांत, बाकी सगळा व्याप सांभाळून, त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. अडाणी बाईलाही कळेल अशी भाषा हवी, हा त्यांचा आग्रह. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मुक्तीतल्या बायकांनी खिळे जुळवून छापलेलं ते बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

आता ती ओळ आठवा. वणवण फिरणारा, मरायला टेकलेला बाप. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन वर्षानुवर्षं भारतभर पायी फिरले, देवळांत पुराणं सांगत राहिले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात पैसा संपला, भांडी गेली, झाडपाला खायची वेळ आली. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. रमाबाईंनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. अशा बापाची लेक केडगावला टेबलाशी बसून ‘ओवेद’ या शब्दासमोर थांबली असेल, तेव्हा तिला कोशात फार शोधावं लागलं नसेल, असं मला वाटतं. भटका आणि मरणाच्या दारातला, हे दोन्ही अर्थ तिनं एकाच माणसात पाहिले होते.

इब्री ग्रंथातली आणखी एक छोटी गोष्टही केडगावला लागू पडते. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात दुष्काळ पडलेला आहे. एक शेतकरी प्रथमफळाच्या जवाच्या वीस भाकरी आणि ताजी कणसं घेऊन अलीशा संदेष्ट्याकडे येतो. नेमाप्रमाणे ही वस्तू पवित्र. अलीशा म्हणतो, लोकांना वाढ. चाकर विचारतो, शंभर माणसांपुढे एवढंसं काय ठेवू? तो पुन्हा म्हणतो, वाढ. सगळे जेवतात आणि उरतं. देवाचा वाटा भुकेल्याच्या पानात गेला की तो पोचला, एवढं स्पष्ट उत्तर दुसऱ्या कुठल्या विधीत मला सापडलं नाही. रमाबाईंनी जमिनीचं आणि आयुष्याचं जे केलं, ते याच जातीचं होतं.

हे सगळं बरोबर घेऊन पुन्हा शिरूरच्या कबरीपाशी येतो. तिथे नैवेद्य ठेवणाऱ्यांनी अनुवादाचा सव्विसावा अध्याय ऐकला नसेल. तो अधिकारी या मुलखात बंदुकीच्या बळावर आलेल्या सत्तेचा नोकर होता, हेही विसरायचं कारण नाही. तरी गावानं आपल्या नव्या धान्याच्या पंगतीत परक्याला पान वाढलं. ज्याला इथे जमीन नव्हती, गोत नव्हतं, फक्त पुरण्यापुरती जागा मिळाली होती, त्याला पहिल्या दाण्यांचा वाटा मिळाला. इब्री शेतकऱ्याला जी गोष्ट आज्ञेनं शिकवावी लागली, ती घोडनदीकाठच्या कुणब्यानं आपल्या समजुतीनं केली.

गॅझेटियर लिहिणाऱ्यानं काय ठेवत ते टिपलं, ठेवताना काय म्हणत ते टिपलं नाही. नैवेद्य दाखवताना आपण बहुधा बोलतच नाही. पाणी फिरवतो, हात जोडतो आणि उठतो. इब्री विधीकडून काही घ्यावं असं मला मनापासून वाटतं, ते हे बोलणं. आमच्या शिरूर-दौंडमधलं क्वचितच एखादं घर असेल, ज्याच्या मागे एखादा ‘ओवेद’ नाही. कुणी ऊसतोडीला आलं आणि राहिलं, कुणाची जमीन धरणात गेली, कुणी दुष्काळात गाव सोडलं.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या नव्या बाजरीची पहिली भाकरी तव्यावरून उतरली. ताटात गुळाचा खडा आणि लोण्याचा गोळा ठेवला, पाणी फिरवलं आणि मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो. लेकरं ऐकत होती. माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात रस्त्यावर खडी फोडत होती. सुकडीवर आणि मिलोच्या लाल भाकरीवर तिनं चार पोरं जगवली. तेव्हा आपलं स्वतःचं रान नव्हतं. ही बाजरी आपल्या रानातली आहे. एवढंच बोलून अर्धी भाकरी गाईला दिली आणि अर्धी आमच्या शेजारी पाल ठोकून उतरलेल्या ऊसतोड मजुरांच्या पोराच्या हातावर ठेवली. त्यानं ती तिथेच उभ्यानं खाल्ली.